खरं सांगितलं, मग पुढे?

सुगीच्या सणाला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शेतातलं पहिलं पीक घेऊन यायची रीत आहे. कुणी पायलीभर ज्वारी आणतं, कुणी लाल भोपळा, कुणी पाय बांधलेली गावरान कोंबडी. उपासना संपली की चर्चच्या अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो. चारशेची कोंबडी हजाराला जाते, कारण पैसा देवाच्या कामाला लागणार असतो. शिवाय पाहुण्यांसमोर मागं कोण हटणार?

चार वर्षांपूर्वी त्या लिलावाच्या हिशेबात ४,३०० रुपये कमी आले. मी पतसंस्थेत तीस वर्षं रोजकीर्द आणि खतावणी लिहिलेला माणूस. रक्कम जुळली नाही तर मला जेवण जात नाही. कमिटीच्या बैठकीत, सतरंजीवर बसलेल्या चौदा माणसांसमोर मी वही उघडली आणि खजिनदारांना विचारलं, "हे ४,३०० कुठं आहेत?" ते खाली बघत बसले. मग उठले, दारात चपला शोधल्या आणि निघून गेले. पुढं दोन महिन्यांत सगळे पैसे त्यांनी मुलाच्या हाती पाकिटातून पाठवले. स्वतः मात्र चर्चची पायरी पुन्हा चढले नाहीत.

त्या दिवशी काही जणांनी माझी पाठ थोपटली. "खरं ते खरं, भाऊ." सतरंजी गुंडाळायला आलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "आधी एकट्याकडं गेला होतास का रे?"

गेलो नव्हतो. माझे आकडे बरोबर होते, तरी त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ख्रिस्ती माणसानं प्रीती आणि सत्य यांची सांगड कशी घालायची, याचा शोध मी तेव्हापासून जरा नेटानं घेतोय. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाकू. 'समतोल' म्हटलं की आपल्याला तागडी दिसते. मोंढ्यात वाढलेल्या माणसाला तर दिसणारच. एका पारड्यात प्रीती, दुसऱ्यात सत्य, आणि काटा मधोमध. या चित्रात गोची अशी की एक वाढलं की दुसरं हलकं झालंच पाहिजे. म्हणजे थोडं कमी खरं बोललं की माणूस जास्त प्रेमळ, आणि थोडा कमी प्रेमळ झाला की जास्त खरा! आपण वागतोही तसंच. बायबल मात्र या दोघांना समोरासमोरच्या पारड्यांत बसवत नाही, एकाच जुवाला जुंपतं.

शब्दांपासूनच बघा. जुन्या करारात सत्यासाठी 'एमेत' हा इब्री शब्द येतो. त्याच्या मुळाशी पक्केपणाचा अर्थ आहे. ज्यावर भार टाकला तरी जे डगमगत नाही ते. प्रार्थनेच्या शेवटी आपण 'आमेन' म्हणतो, तो शब्दही याच मुळातून आलेला. त्यामुळे बायबलमधलं सत्य नुसतं 'आकडा जुळला' एवढ्यावर भागत नाही. गुरं बांधायचा खुंटा जसा जमिनीत घट्ट असावा लागतो, तसं ते. एमेतच्या जोडीला पुन्हा पुन्हा येणारा शब्द 'हेसेद'. मराठीत आपण त्याला दया म्हणतो, पण त्यात दिलेल्या शब्दाला जागणं आहे, साथ न सोडणं आहे. निर्गमच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो, तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच दमात येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूविषयी 'अनुग्रह व सत्य ह्यांनी परिपूर्ण' असं म्हटलंय, तो याच जोडीचा पडसाद. परिपूर्ण म्हणजे दोन्हींनी भरलेला. अर्धं हे, अर्धं ते, असा तो हिशेब नाही.

आता 'प्रीती'. सिनेमाच्या गाण्यांनी या शब्दाचं जे करायचं ते करून ठेवलंय. चर्चमध्ये मात्र आपण ग्रीक 'अगापे'साठी तो वापरतो, आणि त्यात मनाच्या ओढीपेक्षा ठरवून केलेली कृती जास्त आहे. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून मी काय करतो, काय सोसतो, किती दिवस टिकतो. माणूस आवडत नसला तरी अशी प्रीती करता येते, म्हणून तर वैऱ्यांवर प्रीती करा ही आज्ञा होऊ शकते. आवडून घ्या अशी आज्ञा कुणी देत नाही.

या दोन शब्दांची गाठ प्रेषित पौलानं इफिस शहरातल्या मंडळीला, म्हणजे इफिसकरांस, लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मारली आहे. आपल्या मराठी बायबलात ती 'प्रीतीने सत्याला धरून' अशी येते. मूळ ग्रीकमध्ये 'बोलणं' हा वेगळा शब्द तिथं नाही. सत्य या नामाचंच क्रियापद केलंय, जणू 'सत्यणे' असं काही. बोलण्याबरोबर वागणं, व्यवहार, हिशेब ठेवणं सगळं त्यात आलं. मला मात्र दहा ओळी पुढचं २५ वं वचन जास्त कामाचं वाटतं. खोटं सोडा आणि शेजाऱ्याशी खरं बोला, असं सांगून पौल कारण देतो: आपण एकमेकांचे अवयव आहोत. चौथ्या शतकातला उपदेशक जॉन क्रिसोस्टोम यानं यावर फार छान विचारलं होतं. डोळ्याला साप दिसला तर डोळा पायाला फसवेल का? कापूस वेचायला वाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. डोळा पायाची भीड धरत नाही, आणि "बघ, मी सांगितलं होतं" असं म्हणून पायाला एकटं सोडूनही देत नाही. साप चावला तर विष दोघांनाही चढणार असतं.

जोड तुटली की काय होतं, याचे दोन नमुने बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात, आहेत. इफिसची मंडळी खोट्या प्रेषितांना पारखून बाहेर काढणारी, शिक्षणाला चोख, कष्टाळू. तिला ऐकावं लागतं: तू आपली पहिली प्रीती सोडलीस. थुवतीराची मंडळी प्रीतीत आणि सेवेत वाढत चाललेली. तिला ऐकावं लागतं: लोकांना बहकवणाऱ्या ईजबेलीला तू चालवून घेतेस. गंमत म्हणा की दुःख म्हणा, पौलाचं 'प्रीतीने सत्याला धरून' ज्यांच्या नावानं आलं ते हेच इफिस.

आपल्याकडे कुणाचं पारडं जड? मला विचाराल तर मराठवाड्यात आपण बहुतेक थुवतीराचे. आपली मुख्य अडचण भीड. आपलीच म्हण आहे, 'भीड भिकेची बहीण', पण मानतं कोण? मेव्हणा रोज संध्याकाळी झोकून येतो, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पंगतीत सगळे पावसाविषयी बोलतात. लग्नासाठी कर्ज काढून मांडव घातला जातो, तेव्हा भावकीतला एकही माणूस "हे झेपणार नाही" म्हणत नाही, दोन वर्षांनी सावकार दारात आला की सगळे म्हणतात, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." मुलीच्या बापाकडून 'खुशीनं' घेतलेल्या हुंड्यावर पाळकसाहेबांकडून आशीर्वादाची प्रार्थनासुद्धा घेतली जाते. आणि अगदीच राहवलं नाही तर 'लेकी बोले सुने लागे' आहेच. साक्षीच्या वेळी उभं राहून, डोळे मिटून, नाव न घेता एखाद्याला प्रार्थनेतूनच टोचायचं! ही कला आमच्याकडे चांगलीच मुरलेली आहे.

या भिडेला आपण प्रेम म्हणतो. बऱ्याच वेळा त्यात दुसऱ्याचं सुख कमी आणि स्वतःची सोय जास्त असते. खरं बोललो तर वाईटपणा येईल, येणं-जाणं बंद होईल, उद्या उसने पैसे मागायला तोंड राहणार नाही.

पण कधीकधी त्यात खरंच माया असते, आणि तेव्हा गुंता जास्त अवघड होतो. आमच्या बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला. चाळीस वर्षं तंबाखू-चुना चोळलेला. मोठ्या दवाखान्यातून रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही पाच भावंडांनी जिन्यात उभं राहून ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. साधी गाठ आहे, शेक दिला की विरघळेल. तीन महिने आम्ही एकमेकांच्या चुका सावरत हे नाटक वठवलं. बाबाही "गाठ जरा कमी वाटतीय" म्हणायचे. ते गेल्यावर वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला विचारलं होतं आणि तिनं खरं सांगितलं होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते तीन महिने आमच्याच नाटकात काम करत होते. बांधाच्या वादावरून चुलत्यांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. बोलवलं असतं तर चुलते आले असते, असं मला आजही वाटतं. पण मरणाचं नावच घ्यायचं नव्हतं, तर बोलवायचं कोणत्या कारणानं?

पौलानं प्रीतीचं वर्णन केलेला करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय लग्नात हमखास वाचला जातो. 'सहनशील आहे, परोपकारी आहे' इथपर्यंत सगळे माना डोलावतात. तीच प्रीती 'सत्यासंबंधी आनंद मानते' हे सहावं वचन वाचेपर्यंत लोकांचं लक्ष जेवणाकडं गेलेलं असतं.

मग सगळं सगळ्यांना सांगत सुटायचं का? तर तेही नाही. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात उभा राहिला. १९४३ साली त्याला अटक झाली आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी दिली गेली. तुरुंगात असताना त्यानं खरं बोलणं म्हणजे काय यावर एक टिपण लिहायला घेतलं होतं. त्यातलं उदाहरण असं: शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात, "तुझा बाप पिऊन घरी येतो, खरं ना?" ते खरंच असतं. मुलगा म्हणतो, "नाही." बॉनहोफर म्हणतो, मुलाचं उत्तर खोटं आहे, पण त्या शिक्षकाला हा प्रश्न विचारायचा हक्कच नव्हता. घराची अब्रू राखणाऱ्या त्या खोट्यात शिक्षकाच्या खऱ्या माहितीपेक्षा जास्त सत्य आहे. दोष विचारणाऱ्याकडे जातो.

यावर मंडळीत एकमत कधीच नव्हतं. पाचव्या शतकातला संत ऑगस्टिन म्हणायचा, कोणत्याही कारणासाठी खोटं बोलू नये, अगदी जीव वाचवायलाही नाही. दुसरीकडे यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई इस्राएलच्या हेरांना लपवून राजाच्या माणसांना चुकीची वाट दाखवते आणि नव्या करारात तिचं नाव विश्वासाच्या यादीत येतं. मला वाटतं, रोजच्या जगण्यात एवढं कळलं तरी पुष्कळ आहे: आपल्याला माहीत असलेलं प्रत्येक खरं प्रत्येकाला सांगायला आपण बांधलेले नाही. खऱ्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरचं पाटावर मांडणं म्हणजे चहाडी. आणि 'मी आपला तोंडावर बोलणारा माणूस' असं अभिमानानं सांगणाऱ्याकडं बारकाईनं बघा. तो नेमका कुणाच्या तोंडावर बोलतो? साहेबाच्या, सरपंचाच्या की सुनेच्या?

येशू हे कसं करायचा, ते शुभवर्तमानांत बघायला मिळतं. शोमरोनी बाईला तिच्या पाच नवऱ्यांविषयी सांगण्याआधी तो तिच्याकडं पाणी मागतो. भर उन्हात, विहिरीवर, जिच्या हातचं पाणी त्याच्या समाजात कुणी घेत नसे तिच्याकडं. आधी स्वतः तिचा मिंधा होतो. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट अगदी जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, पण मंडळीनं ती कधी हातची जाऊ दिली नाही. तिच्यात वाक्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. 'मीही तुला दंड ठरवीत नाही' हे आधी, 'ह्यापुढे पाप करू नकोस' हे नंतर. आपण उलट करतो. आधी सुधार, मग बघू.

श्रीमंत तरुणाची गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे, पण येशूनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे फक्त मार्कानं टिपलंय. त्याच्या पुढच्याच श्वासात: तुझ्यात एक उणीव आहे, जे आहे ते विकून गोरगरिबांना दे. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशूनं मागं धावत जाऊन "बरं, निम्मं विक" असं काही म्हटलं नाही. प्रीतीनं सांगितलेलं खरं ऐकलं जाईलच, अशी हमी कुणी दिलेली नाही. खुद्द त्यालाही ती नव्हती.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो नाथान संदेष्टा. दावीद राजानं आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा घेतली, उरीयाला लढाईत पुढं ठेवून मारवलं, आणि दरबारात सगळे गप्प. नाथान राजाकडं जातो आणि एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडं एकच कोकरू होतं. त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या उराशी झोपायचं. शेजारच्या श्रीमंतानं पाहुणा आला म्हणून आपल्या कळपाला हात न लावता तेच कापलं. दावीद स्वतः मेंढपाळ राहिलेला. तो भडकतो: असा माणूस जगता कामा नये! तेव्हा नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस."

या गोष्टीवर प्रवचनं पुष्कळ होतात आणि बहुतेक याच वाक्यावर थांबतात. पुढं वाचा. दावीद आणि बथशेबेचं पहिलं बाळ दगावतं. मग शलमोन जन्मतो, आणि देवाकडून त्याचं दुसरं नाव घेऊन येतो तोही नाथानच: यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा आवडता. बऱ्याच वर्षांनी, १ राजेच्या सुरुवातीला दावीद थकलेला आहे, अंगात ऊब राहत नाही, एक मुलगा परस्पर गादी बळकावू बघतोय. तेव्हा बथशेबेच्या बाजूनं धावपळ कोण करतं? पुन्हा नाथान. ज्यानं त्या घराचं पाप उघडं केलं, तोच शेवटपर्यंत त्या घराला धरून राहिला. दावीदाच्या एका मुलाचं नावही नाथान आहे. ते संदेष्ट्यावरून ठेवलं का, ते शास्त्र सांगत नाही. मी आपला मनात धरून आहे.

मला सापडलेली खूण ही. किती गोड बोललो, किती कडू बोललो, याचं माप घेत बसण्यापेक्षा बोलून झाल्यावर मी कुठं आहे ते बघावं. मी त्या दिवशी वही मिटली आणि घरी जाऊन जेवलो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूनं यासाठी पायऱ्याच घालून दिल्या आहेत. भावानं तुझा अपराध केला तर आधी तू जा, दोघंच असताना दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरी नाही, तर मंडळीला सांग. तिचंही नाही ऐकलं, तर तो तुला विदेशी आणि जकातदारासारखा असो. आपण साधारणपणे तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, आता तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून. पहिल्या पायरीत अपराध्याची अब्रू झाकलेली राहते, आणि सांगणाऱ्याचीही परीक्षा होते. चौदा माणसांसमोर बोलायला मला काही लागलं नव्हतं. खजिनदारांच्या ओट्यावर एकटं बसून तेच विचारायला छाती लागली असती. कदाचित कळलं असतं की कापसाच्या बियाण्याला पैसे कमी पडले म्हणून त्यांनी ते फिरवले होते. चूक ती चूकच राहिली असती, पण माणूस उठून गेला नसता. शेवटच्या पायरीचा अर्थ तोडून टाकणे असा घेणाऱ्यांनी एवढं आठवावं की हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, असंच मंडळी पहिल्यापासून मानत आली आहे, आणि येशू त्याच्या पंगतीला जेवला होता.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ज्या घरात बाई मार खातेय, किंवा मुलाबाळांशी कुणी वाईट वागतंय, तिथं 'एकांतात जा आणि समजाव' हे वचन पुढं करणं पाप आहे. 'प्रीती सर्व काही सहन करते' हे वाक्य अशा बाईच्या तोंडावर फेकून तिला परत त्याच घरी धाडणारे मी बघितलेत, त्यात प्रार्थना करणारे हातही होते. तिच्याविषयीची प्रीती म्हणजे आधी तिला सुरक्षित जागी नेणं. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. आणि मारणाऱ्याविषयीची प्रीती म्हणजे त्याचा हात थांबवणं. त्याला क्षमा मिळेल का, हा पुढचा प्रश्न.

काही खरं तर चारचौघांतच बोलावं लागतं. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला जेवत होता. यरुशलेमकडची माणसं आली तसा तो भीतीनं बाजूला सरकला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. पंगत सगळ्यांसमोर मोडली होती, तेव्हा ती जोडायचं बोलणंही सगळ्यांसमोरच व्हायला हवं होतं.

हे वाचताना मला आमचंच गाव दिसतं. जालन्याच्या ख्रिस्ती लोकांना नारायण शेषाद्री हे नाव परकं नाही. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढं जालन्यात आला आणि जवळच त्यानं बेथेल नावाची वस्ती वसवली. त्याच्याबरोबर आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे लोक. त्या काळात ही केवढी पंगत असेल! आज आम्ही त्या पंगतीचे वारस म्हणवतो आणि मुलीचं स्थळ बघताना हळूच विचारतो, "मूळचे कोणते म्हणायचे तुम्ही?" इथं एकांतात कुणाकडं जायचं? हे वेदीवरूनच बोलावं लागेल, आणि बोलणाऱ्यानं स्वतःच्या मुलाच्या लग्नात ते करून दाखवावं लागेल.

सत्य मऊ हातानं द्यावं, ही समज या मातीला बाहेरून आलेली नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात बोलणं कसं असावं ते दोन शब्दांत आहे: 'साच आणि मवाळ'. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. थापटणं घेऊन त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर टकटक केलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रुसले, पण त्या रुसण्यातूनच औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपर्यंत पोचले. कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. तो हात काढून घेतला तर पहिल्याच फटक्यात मडकं बसेल.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो, कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीनं ताळ्यावर आणा. 'ताळा' वाचलं की मला आधी हिशेबाचाच ताळा आठवतो, माझा काही इलाज नाही. पण मूळ ग्रीक शब्द वेगळ्या धंद्यातला आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायात जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथं हेच क्रियापद आलंय. म्हणजे चुकलेल्या माणसाला ताळ्यावर आणणं हे जाळं सांधण्याचं काम.

ते काम मी पैठणला नाथसागराच्या काठावर बघितलं. एक भोई जाळं मांडीवर पसरून बसला होता. जाळ्याचं एक टोक त्यानं पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं. फाटलेल्या जागी तो थेट दोरा घालत नव्हता. आधी कात्रीनं कडेचे विस्कटलेले धागे कापून नीट केले. भोक होतं त्यापेक्षा मोठं झालं. मग शाबूत गाठीपासून सुरुवात करून, बोटांनी घराचं माप घेत एकेक घर विणत तो आत येत गेला. मी विचारलं, "किती वेळ लागंल?" तो वर न बघता म्हणाला, "भोक पाडायला माशाला लागला त्याच्यापेक्षा लई जास्त." कापणं त्यातही होतं. पण कापून झाल्यावर तो उठून गेला नाही. दुपार कलली तरी त्याच जागी बसून होता.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या जुन्या खजिनदारांच्या शेतावर गेलो. फोन केला असता तर त्यांनी नको म्हटलं असतं, म्हणून केला नाही. ते आणि त्यांचा मुलगा विहिरीतून मोटार वर काढत होते. पाणी तळाला गेलं होतं. मला बघून त्यांनी मान हलवली, बोलले काही नाही. मी काठावरूनच म्हणालो, "त्या वेळी आधी तुमच्याकडं एकट्याकडं यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

ते बराच वेळ दोराकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "पैसे तर कमी होतेच की."

"होते," मी म्हणालो.

"कामून आलास मग आता?"

याचं उत्तर मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण तिथं काही ते आठवेना. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "बरं, दोर धर. पोरगा एकटाच ओढायलाय."

मी चपला काढल्या आणि दोर धरला. मोटारीच्या जाळीत गाळ गच्च बसला होता. तो कोरून काढेपर्यंत दिवस मावळला.